जिओहॉटस्टारचा विकिपीडिया लेख नीट कसा करावा

ओटीटी सेवेवरचा विकिपीडिया लेख दुरुस्त करायला घेतलात की आधी त्यात ‘सध्या’, ‘नुकतेच’ आणि ‘लवकरच’ हे शब्द कुठे कुठे आलेत ते शोधा. लेखाला सगळ्यात जास्त डागडुजी तिथेच लागते. हॉटस्टार, म्हणजे आजचं जिओहॉटस्टार, २०१५ साली सुरू झालं. तेव्हापासून त्याचं नाव दोनदा बदललं आणि मालकीही दोनदा फिरली. ‘सध्या ही सेवा स्टार इंडियाच्या मालकीची आहे’ हे वाक्य २०१५ साली खरं होतं. आज ते चुकीचं आहे, आणि कधीचं आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्याऐवजी ‘स्टार इंडियाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ही सेवा सुरू केली’ असं लिहिलं, तर मालक कितीही बदलोत, त्या वाक्याला हात लावावा लागत नाही. ओटीटीच्या लेखात प्रत्येक विधानाला तारीख हवी. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मराठी विश्वकोशाचं वाईचं कार्यालय आमच्याच जिल्ह्यात. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, आणि तो आमच्या संदर्भ विभागात आजही हाताशी आहे. छापील खंडात एखादी गोष्ट जुनी झाली तर पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागते. विकिपीडियात आपण ती बसल्या जागी दुरुस्त करू शकतो, त्यामुळे ती नीट करण्याची जबाबदारीही आपलीच. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात मी मुलांना संपादन शिकवते, तेव्हा मुद्दाम ओटीटीचा विषय घेते. मुलांना तो जवळचा वाटतो, आणि माहीत असणं वेगळं, पुराव्यानिशी लिहिणं वेगळं, हे त्यांना या विषयात लवकर कळतं.

आधी खातं काढा. मोबाईल नंबर लागत नाही, ईमेल ऐच्छिक असतो. सदस्यनाव म्हणून कंपनीचं किंवा वाहिनीचं नाव घेऊ नका. तुम्ही त्या कंपनीत नोकरीला असाल, किंवा तिची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या संस्थेत असाल, तर तसं आपल्या सदस्यपानावर लिहा. पैसे घेऊन संपादन करणाऱ्यानं ते जाहीर करावं, हे विकिमीडियाच्या वापर-अटींमध्ये २०१४ पासून आहे. अशा वेळी लेखात थेट बदल करण्यापेक्षा चर्चापानावर सूचना मांडणं चांगलं. हात बसेपर्यंत धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघा. तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

मग लेख शोधा. जिओहॉटस्टार, हॉटस्टार, डिस्ने+ हॉटस्टार, जिओ हॉटस्टार, जियोहॉटस्टार अशा सगळ्या नावांनी शोधायचं. एकाच सेवेवर दोन लेख असणं मराठीत नवं नाही. जुन्या नावाचा लेख सापडला तर त्यातला मजकूर उचलून नव्या नावाच्या पानावर चिकटवू नका. तसं केलं की कुणी काय लिहिलं होतं तो इतिहास मागे राहतो आणि आधीच्या संपादकांचं श्रेय पुसलं जातं. पानाचं नाव बदलायला ‘स्थानांतरण’ अशी वेगळी सोय आहे. नव्या सदस्याला ती लगेच मिळत नाही, म्हणून चर्चापानावर किंवा चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) विनंती करा. बाकीच्या लेखनभेदांची पुनर्निर्देशनं करून ठेवली की कुठल्याही नावानं शोधणारा एकाच लेखावर पोचतो.

लिहायला सुरुवात करण्यापूर्वी ‘इतिहास पहा’ आणि ‘चर्चा’ ही दोन्ही पानं वाचून काढा. जे वाक्य तुम्ही घालणार आहात ते आधी कुणी घालून, त्यावर वाद होऊन काढलं गेलंय का, हे तिथे समजतं.

आता पहिला परिच्छेद. मुलं सहसा असं लिहितात: ‘जिओहॉटस्टार हे भारतातील सर्वात लोकप्रिय ओटीटी प्लॅटफॉर्म असून येथे मनोरंजनाचा खजिना उपलब्ध आहे.’ हे जाहिरातीतलं वाक्य झालं. लोकप्रिय कशावरून, कधी, कुणी मोजलं, यातलं काहीच त्यात नाही. मी ते असं करून घेते: ‘जिओहॉटस्टार ही जिओस्टार या कंपनीची भारतातील ओटीटी सेवा आहे. जिओसिनेमा आणि डिस्ने+ हॉटस्टार या दोन सेवा एकत्र करून ती १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाली.’ दोन वाक्यांत कोण, काय, कुठे, कधी हे चारही प्रश्न मिटले. विशेषणाची गरजच उरली नाही.

इथे तारखांचा एक गुंता आहे, तो आधी सोडवून घ्या. रिलायन्स आणि डिस्ने यांनी भारतातला माध्यम-व्यवसाय एकत्र करण्याचा करार जाहीर केला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. ते विलीनीकरण पूर्ण होऊन जिओस्टार ही कंपनी उभी राहिली १४ नोव्हेंबर २०२४ रोजी. आणि लोकांच्या फोनवर जिओहॉटस्टार आलं १४ फेब्रुवारी २०२५ रोजी. घोषणा, कंपनी आणि सेवा या तीन वेगळ्या घटना आहेत. माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूला थोडक्यात माहिती देणाऱ्या तक्त्यात) ‘स्थापना’ या रकान्यात यातली कुठलीही एक तारीख आढळू शकते, आणि हॉटस्टारची २०१५ ची सुद्धा. रकाना नक्की कशाबद्दल विचारतोय ते बघा: सेवेची सुरुवात की कंपनीची? शंका असेल तर रकाना रिकामा ठेवा आणि मजकुरात चारही तारखा सविस्तर लिहा. झी५ सुद्धा १४ फेब्रुवारीलाच सुरू झालं, पण २०१८ साली. एका लेखाची चौकट दुसऱ्यात चिकटवून भरायची सवय असेल, तर अशा जुळणाऱ्या तारखा सहज नजरेतून निसटतात.

मालकीबद्दलही तसंच. ‘डिस्नेने हॉटस्टार अंबानींना विकले’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. विलीनीकरणाच्या वेळी कंपन्यांनी दिलेल्या निवेदनात जिओस्टारच्या मालकीची वाटणी स्पष्ट आहे: रिलायन्स १६.३४ टक्के, व्हायकॉम१८ (हीसुद्धा रिलायन्सच्याच ताब्यातली कंपनी) ४६.८२ टक्के, डिस्ने ३६.८४ टक्के. नियंत्रण रिलायन्सकडे गेलं, पण डिस्ने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मालकी राखून आहे. म्हणून लेखात टक्के द्या, ‘१४ नोव्हेंबर २०२४ च्या निवेदनानुसार’ हे शब्द जोडा, आणि ‘विकले’ हे क्रियापद काढून टाका.

आता आकडे. ओटीटीच्या लेखात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

डिस्ने आपल्या तिमाही अहवालात डिस्ने+ हॉटस्टारच्या सशुल्क सदस्यांचा आकडा वेगळा देत असे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी तो ६१.३ दशलक्ष होता. दशलक्षाचे कोटी करताना दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकतं, म्हणजे हे झाले ६ कोटी १३ लाख. इंग्रजी बातमी बघून घाईत ‘६१.३ कोटी’ लिहिलं की आकडा दसपट फुगतो. पुढे कुणी मराठी लेखातून ते उचललं की तीच संख्या चारचौघांत खरी म्हणून फिरू लागते. म्हणून माझा आग्रह असतो की शब्दांतच लिहा, ‘६ कोटी १३ लाख’. दशांशचिन्हच नको.

दुसरं, तिमाही कुठली? डिस्नेचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर, म्हणजे ३० सप्टेंबरच्या जवळच्या शनिवारी संपतं. त्यांची ‘२०२२ ची चौथी तिमाही’ १ ऑक्टोबर २०२२ ला संपली. आपल्याकडे एप्रिल ते मार्च असं वर्ष धरायची सवय, त्यामुळे चौथी तिमाही म्हटलं की जानेवारी ते मार्च डोळ्यांपुढे येतं. तिमाहीचा क्रमांक लिहूच नका, तारीख लिहा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मागे एका विद्यार्थ्यानं विचारलं, “मॅडम, आकडा पेपरात आलाय, मग अडचण काय?” अडचण अशी की त्याच्यापुढे दोन वेगळ्या बातम्या होत्या. ३० सप्टेंबर २०२३ रोजी डिस्ने+ हॉटस्टारचे सशुल्क सदस्य ३ कोटी ७६ लाख. आणि १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया अंतिम सामना चालू असताना त्याच सेवेवर एका वेळी बघणारे ५ कोटी ९० लाख. सदस्यांपेक्षा प्रेक्षक जास्त कसे? कारण ती विश्वचषक स्पर्धा मोबाईलवर फुकट दाखवली होती. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण मोजलेल्या गोष्टी निराळ्या आहेत. एक म्हणजे पैसे भरणारे, दुसरे म्हणजे एकाच क्षणी बघणारे. याशिवाय महिन्याभरात एकदा तरी येऊन गेलेले वापरकर्ते आणि ॲप उतरवून घेतल्याची संख्या, अशी आणखी दोन मापं बातम्यांत येतात. लेखात आकडा देताना माप, तारीख आणि सांगणारा, हे तिन्ही एकाच वाक्यात यायला हवेत: ‘डिस्नेच्या अहवालानुसार ३० सप्टेंबर २०२३ रोजी सेवेचे सशुल्क सदस्य ३ कोटी ७६ लाख होते.’ अहवालात आकड्यांच्या जोडीला ‘सदस्य’ कुणाला धरलं आहे याचा खुलासा असतो, तोही वाचा. मार्च २०२५ मध्ये जिओस्टारने जिओहॉटस्टारचे १० कोटी सदस्य झाल्याचं जाहीर केलं. तो आकडा डिस्नेच्या जुन्या आकड्यांसोबत एकाच तक्त्यात ठेवू नका. मोजणारा बदलला, दोन सेवा एक झाल्या, आणि मोबाईलच्या रिचार्जसोबत मिळणारी सदस्यता कशी धरली हे समजल्याशिवाय तुलना होत नाही. स्वतंत्र वाक्यात, सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहा.

हॉटस्टारचे सशुल्क सदस्य सहा कोटींवरून पावणेचार कोटी का झाले, हे लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. जून २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ या हंगामांसाठी आयपीएलचे भारतातले डिजिटल हक्क व्हायकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले, आणि २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर फुकट दिसला. कारण समोरच आहे असं वाटतं. पण ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओच्या मालिकाही हॉटस्टारवरून गेल्या. कुणी कशामुळे सदस्यता सोडली, हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. विकिपीडियात स्वतःचं संशोधन चालत नाही. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून मध्ये ‘त्यामुळे’ घालणं हेही संशोधनच. तो संबंध एखाद्या वृत्तपत्राने किंवा खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जोडला असेल, तर त्यांचं नाव घेऊन लिहा आणि संदर्भ द्या. नसेल तर दोन्ही घटना आपापल्या तारखेला लिहून पुढे जा.

संदर्भ कुठला चालतो? कंपनीचं निवेदन तारीख, मालकी, पदाधिकारी यांसाठी चालतं, कौतुकासाठी नाही. भागधारकांसाठीचे तिमाही अहवाल आकड्यांसाठी उत्तम. नावाजलेली वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था बाकी सगळ्यासाठी. मराठी दैनिकात बातमी असेल तर ती आधी द्या, वाचणाऱ्याला ती पडताळता येते. मराठीत नसेल तर इंग्रजी चालते. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर ‘प्रायोजित’ किंवा ‘ब्रँड’ असा छोटा शिक्का असलेला मजकूर पैसे घेऊन छापलेला असतो, तो नको. इंग्रजी विकिपीडिया हा संदर्भ होत नाही. तिथून भाषांतर करायला मुभा आहे, पण सारांशात (बदल प्रकाशित करताना भरायच्या छोट्या रकान्यात) ‘इंग्रजी विकिपीडियातील अमुक लेखावरून अनुवाद’ असं लिहायला हवं. तिथले संदर्भही तसेच उचलू नका, उघडून बघा आणि मगच घ्या.

संदर्भ जोडताना शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनाची तारीख आणि तुम्ही पान पाहिल्याची तारीख, हे चारही रकाने भरा. सोबत त्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून तो दुवाही द्या. ओटीटीच्या बाबतीत हे टाळू नका. व्हूट ही ओटीटी सेवा २०२३ साली जिओसिनेमात विलीन झाली, जिओसिनेमा २०२५ साली जिओहॉटस्टारमध्ये. सेवा बंद झाली की तिच्या संकेतस्थळावरची निवेदनं कधी गायब होतील याचा भरवसा नसतो, आणि मग लेखातलं वाक्य संदर्भाविना उघडं पडतं.

आता ज्या भागाबद्दल मला मनापासून वाटतं, तो. इंग्रजी लेखाचा अनुवाद करून आपला लेख पुरा होत नाही. मराठी वाचकाला काय हवं असतं? २४ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या स्टार प्रवाहच्या मालिका हॉटस्टारवर दिसायच्या. कलर्स मराठीच्या व्हूटवर, नंतर जिओसिनेमावर. फेब्रुवारी २०२५ पासून एकमेकींच्या स्पर्धेतल्या या दोन्ही वाहिन्या एकाच ॲपमध्ये आल्या, आणि झी मराठी मात्र झी५ वर राहिली. घरातल्या रिमोटशी थेट संबंध असलेली ही गोष्ट इंग्रजी लेखात कुणी तपशिलानं लिहिणार नाही. ती आपणच लिहायची.

तसंच मराठी समालोचन. २०२३ च्या आयपीएलचं समालोचन जिओसिनेमावर मराठीतूनही होतं. केदार जाधव तेव्हा त्या मराठी चमूत होता. हंगाम चालू असतानाच बंगळूरच्या संघाने डेव्हिड विलीच्या जागी त्याला घेतलं आणि तो समालोचन सोडून मैदानात उतरण्याच्या तयारीला लागला. याच्या बातम्या सहज मिळतात. ‘मराठी भाषेतील प्रसारण’ असा स्वतंत्र विभाग करा आणि त्यात कोणत्या स्पर्धेला, कोणत्या वर्षी मराठी समालोचन होतं ते संदर्भासह नोंदवा. आज नोंदवलं नाही तर पाच वर्षांनी ते शोधायला फार कष्ट पडतील.

काय घालायचं नाही ते थोडक्यात सांगते. सदस्यतेच्या दरांचा तक्ता नको, ते काम कंपनीच्या संकेतस्थळाचं. पण एखाद्या दराची बातमी झाली असेल तर तो इतिहास झाला. जिओसिनेमाने एप्रिल २०२४ मध्ये महिना २९ रुपयांची योजना आणली, हे इतिहासाच्या विभागात एका वाक्यात चालेल. उपलब्ध मालिका-चित्रपटांची भली मोठी यादी नको. ‘लवकरच येणारे’ तर नकोच. ॲप उतरवण्याचे दुवे नकोत. मालिकांची पोस्टर आणि ॲपचे स्क्रीनशॉट कॉमन्सवर (विकिमीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर) चढवू नका, त्यांचे हक्क कंपनीकडे असतात आणि ती चित्रं हटवली जातात. लोगो हवा असेल तर तो कॉमन्सवर आधीपासून आहे का ते बघा आणि असेल तोच वापरा.

बदल लहान ठेवा. एका वेळी एक विभाग, एक मुद्दा. प्रकाशित करण्याआधी झलक बघा, आणि माहितीचौकटीचे महिरपी कंस जोडीने बंद झालेत ना ते तपासा. एक कंस सुटला तर अख्खी चौकट मजकुरात सांडते. सारांशात ‘बदल केला’ असं लिहून कुणाला काही कळत नाही. ‘सदस्यसंख्येला डिस्नेच्या अहवालाचा संदर्भ आणि तारीख जोडली’ असं लिहा. एखादं वाक्य संशयास्पद वाटलं, पण खोटंच आहे अशी खात्री नाही, तर ते उडवू नका. त्यापुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा लावा आणि लिहिणाऱ्याला वेळ द्या.

तुमचा बदल कुणी उलटवला तर तोच पुन्हा घालू नका. एकमेकांचे बदल उलटवत बसणाऱ्या दोघांनाही प्रचालक (व्यवस्थापनाचे अधिकार असलेले सदस्य) रोखू शकतात. चर्चापानावर जा आणि सरळ विचारा: ‘नमस्कार. मी १४ नोव्हेंबर २०२४ च्या निवेदनातील मालकीचे टक्के जोडले होते, ते आपण काढलेले दिसतात. संदर्भ अपुरा वाटला का? दुसरा हवा असल्यास शोधून देते.’ आणि मग चार-आठ दिवस थांबा. मराठी विकिपीडियावर नेमानं काम करणारी माणसं मोजकी आहेत, सगळे आपापली नोकरी-धंदा सांभाळून येतात, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो. पण संदर्भासकट विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर मिळतंच, आणि कितीदा तर समोरच्याकडे आपल्यापेक्षा चांगला संदर्भ असतो.

लेख प्रकाशित झाला की वरच्या चांदणीवर टिचकी मारून तो पहाऱ्याच्या सूचीत घ्या. मग बाजूच्या साधनांमधलं ‘येथे काय जोडले आहे’ उघडा. स्टार प्रवाह, कलर्स मराठी, व्हूट, जिओसिनेमा, वेगवेगळ्या मालिका, आयपीएलचे हंगाम, अशी या लेखाशी जोडलेली पानं तिथे एका यादीत दिसतील. यादीतलं एकेक पान उघडा, त्यात ‘सध्या हॉटस्टारवर उपलब्ध’ असं वाक्य आहे का बघा, आणि असेल तर त्याला साल घाला.